गुडघा : खाणीतला आणि मैदानावरचा

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही आज गुडघ्याचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे, पदवीधरही नव्हे. कामगार संघटनेच्या कचेरीत बसून जे हाती आले ते वाचीत गेलो, एवढाच आमचा अधिकार. या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी घरचे आहे. सत्ताविसाव्या वर्षी कारखान्यांच्या कबड्डी सामन्यात चढाई करून परतताना आमचा डावा पाय मातीत रुतला. अंग वळले, पाय वळला नाही, आणि आत सुतळी तुटावी तसा आवाज झाला. लेप झाले, मालिश झाली, सूज ओसरली. परंतु जिना उतरताना गुडघा दगा देई.

या दुखण्याला आता सर्रास खेळाडूंचे दुखणे म्हणतात. त्यावरील शस्त्रक्रियेचा आरंभ मात्र मैदानावर झाला नाही. १८८३ च्या नोव्हेंबरात एडिंबरो येथे टॉमस ॲनन्डेल या शस्त्रवैद्याने एका रोग्याचा गुडघा उघडून आतली सुटलेली अर्धचंद्राकृती कूर्चा तीन टाक्यांनी जागच्या जागी शिवली. रोगी कोण? खाणकामगार. १८९५ साली लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी गुडघ्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले दोन अस्थिबंध शिवले. तोही खाणकामगारच, वय ४१. खाणीत दरड कोसळून जायबंदी झालेला. सहा वर्षांनंतर तो नीट चालत होता, पळत होता, लंगडत नव्हता.

त्या काळी गुडघा उघडणे म्हणजे पायाशी, प्रसंगी प्राणाशी गाठ. लिस्टर यांनी कार्बॉलिक ॲसिडाने जखम निर्जंतुक ठेवण्याची रीत घातली म्हणून हे धाडस शक्य झाले. ॲनन्डेल एडिंबरोत लिस्टर यांच्याच जागेवर नेमले गेले होते. आणि खाणकामगारच का, हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. बुटक्या भुयारात जो उकिडवा बसून, गुडघे टेकून कोळसा फोडतो, त्याचा गुडघा अडला की चूल अडली.

पुढची हकीकत झटपट सांगतो. तुटलेली टोके नुसती शिवून टिकत नाहीत, हे ध्यानात आल्यावर १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌ज यांनी रोग्याच्याच मांडीवरील चिवट पडद्याची पट्टी घेऊन नवा बंध ओवला. १९६२ साली टोकियोत मासाकी वातानाबे यांनी लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून फाटलेल्या कूर्चेचा तुकडा काढला. हा रोगी मात्र बास्केटबॉल खेळणारा १७ वर्षांचा मुलगा होता. खाणीतून मैदानावर यायला एवढी वर्षे लागली!

परंतु शस्त्रक्रिया हे अर्धेच काम. उरलेले अर्धे मांडीचे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात टॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर होता. तापाने खंगलेले स्वतःचे शरीर त्याने पूर्वी वजने उचलून सावरले होते. गुडघे दुखावलेल्या सैनिकांना हलकी कसरत पुष्कळ वेळा करावयास लावीत, ती मोडून त्याने पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन उचलावयास लावले. १९४८ पर्यंत त्याचे गणित पक्के झाले : दहा वेळा जेमतेम उचलेल ते वजन पुरे धरावे, पहिले दहा त्याच्या निम्म्याने, मग पाऊण, मग पुरे. आमच्या व्यायामाच्या बाईंनी हेच करवून घेतले. लोखंडी बुटाच्या जागी वाळूची पिशवी होती, इतकेच.

१९९० साली अमेरिकेत शेलबोर्न आणि निट्झ यांनी एक मौजेची गोष्ट छापली. शस्त्रक्रियेनंतर जपून राहा, पाय आवरा, असे बजावलेले काही रोगी ऐकत नसत. तेच अधिक चांगले बरे होत! तेव्हापासून लवकर चालवण्याची, पाय लगेच पुरता सरळ करून घेण्याची पद्धत पडली. तथापि लवकर चालणे वेगळे आणि लवकर खेळणे वेगळे. नवा बंध पायात मुरायला वेळ लागतोच. पुन्हा मैदानात उतरण्यापूर्वी निदान नऊ महिने जाऊ द्यावेत, असे आज सांगतात.

नऊ महिने कोणाजवळ आहेत? १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विम्यात आजारपणाचा भत्ता वर्षाकाठी ९१ दिवसांचा. कामावरची दुखापत ठरली तर हिशेब निराळा. पण सामना कारखान्याचा, बनियनवर नाव कारखान्याचे, तरी खेळ म्हणजे काम नव्हे, असे आम्हांस ऐकवण्यात आले. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "अजून पाच महिने तरी यायला हवं तुम्ही." आम्ही मान डोलावली, आणि शंभराव्या दिवशी गुडघ्याला पट्टा आवळून आठ तासांच्या पाळीला यंत्रापाशी उभे राहिलो. त्या दिवशी डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा दोन बोटे कमी होता. तो आजही तेवढाच कमी आहे.