रविवार कुणी पाळला?

आमच्या घरात नाताळपेक्षा रविवार मोठा होता. नाताळ वर्षातून एकदा यायचा, पुरणपोळी खाऊन, टाळ-मृदंगाच्या भजनांनी रात्र जागवून निघून जायचा. रविवारचं तसं नव्हतं. तो दर आठवड्याला दारात उभा राहायचा आणि दर आठवड्याला काहीतरी मागायचा. पणजोबांच्या काळात तर त्यानं घरातलं धान्यच मागितलं.

आम्ही नगर जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली आणि नगरला त्यांनी ठाणं केलं १८३१ मध्ये. ही मंडळी मूळची न्यू इंग्लंडकडची, काँग्रिगेशनल पंथाची. तिकडे रविवार म्हणजे कडक शिस्त. दुकान बंद, नांगर बंद, खेळसुद्धा बंद. त्यांनी येताना बायबल आणलं, छापखान्याची हौस आणली, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ काढलं, आणि त्याबरोबर हा शांत, रिकामा रविवारही आणला. आजी म्हणायची, “सायबाच्या देशात रविवार सोपा होता. आपल्याकडं त्याला वतन आडवं आलं.”

वतन म्हणजे महार वतन. वेशीवर राखण करायची, सरकारी कामदार आला की त्याचं सामान वाहायचं, वसुलाच्या पैशाबरोबर तालुक्याला जायचं, मयताचा सांगावा परगावी पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं. हे काम घराघरांत पाळीनं फिरायचं. ज्या घराची पाळी, त्या घरच्या माणसानं हाक आली की उठायचं, मग मध्यरात्र असो की पाऊस. या चाकरीला सुट्टी नव्हती, कारण तिला पगारच नव्हता. मोबदला म्हणून खळ्यावरचं बलुतं आणि वतनी जमिनीचा तुकडा. एकट्यानं ‘नाही’ म्हटलं तर शिक्षा सगळ्या महारवाड्याला.

पणजोबांचा बाप्तिस्मा १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरचा. त्या वर्षांत ख्रिस्ती झालेल्यांना ‘भाकरीसाठी धर्म सोडला’ असं सर्रास म्हटलं गेलं, अजूनही म्हटलं जातं. आजीचं त्यावर एकच उत्तर असायचं: “भाकरीसाठीच गेलो असतो, तर बलुतं कशाला घालवलं असतं?” मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

बलुतं गेलं ते रविवारपायी. आजीनं ही हकीकत तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेली. पाळी आमच्या घराची होती. रविवारी सकाळी चावडीवरून बोलावणं आलं की कामदार मुक्कामाला आलाय, पुढच्या गावापर्यंत सामान न्यायचंय. पणजोबा धुतलेलं धोतर नेसून उपासनेला निघाले होते. ते म्हणाले, “आजचा दिवस देवाचा हाय, पाटील. उद्या दोन गावं न्हेतो.” पाटलानं तेव्हा काहीच केलं नाही. बाजरीची खळी लागली तेव्हा मात्र आमच्या घरची माणसं रिकाम्या घोंगड्या घेऊन परत आली. वाड्यातली माणसंही चिडली. एकाच्या देवामुळे सगळ्यांवर गदा येणार, हे त्यांना दिसत होतं. शेवटी पणजोबांचे धाकटे भाऊ मध्ये पडले. ते ख्रिस्ती झाले नव्हते. त्यांनी तोड काढली: पाळी आपल्या घरी असेल त्या वर्षी रविवारचं काम मी करीन, बदल्यात पौषात कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेला मी जाईन तेव्हा माझं काम तू करायचं. दोघं भाऊ कबूल झाले. पुढच्या सुगीला बलुतं पुन्हा सुरू झालं.

आजी ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायची आणि तिथेच थांबवायची. चर्चमध्ये पाळकसाहेबांनीही ती एकदा उपदेशात वापरली: विश्वासासाठी सोसणारा आमचा पूर्वज. खंडोबाच्या यात्रेचा भाग तेवढा गाळून.

खरं तर तो भाग गाळायचं कारण नव्हतं. रविवार आमच्या मुलखाला परका नव्हताच, तो आधीपासून खंडोबाचा वार होता. मुंबईच्या गिरणीकामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे सत्यशोधक होते. रविवार हा कामगारांच्या खंडोबाचा वार आहे, हा मुद्दाही तेव्हा पुढे केला गेला असं सांगतात. मिशनरी, खंडोबा आणि लोखंडे यांचं दुसऱ्या कशावर एकमत झालं असतं की नाही, शंका आहे.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मला मिळाला तो धाकट्या पणजोबांच्या नातवाकडून. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि पाठोपाठ तात्यांचं घर बौद्ध झालं. पुढे कायद्यानं वतनंच संपली, पाळीचा प्रश्न दोन्ही घरांपुरता मिटला. तात्यांच्या मनातून मात्र तो मिटलेला नव्हता. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो असताना ते म्हणाले, “तुमच्या आजीची गोष्ट खरी हाय. फक्त हिशोब करून बघ. पाळीच्या वर्षातले बावन्न रविवार आमचा म्हातारा राबला, आन् बदल्यात त्याला यात्रेचे चार दिवस. तुमच्या म्हाताऱ्याचा रविवार आमच्या म्हाताऱ्यानं पाळला.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी घरी येऊन बायबल उघडलं. शब्बाथाची आज्ञा दहांपैकी चौथी. (कॅथलिक मोजणीत तिसरी, एवढ्यावरूनही आमच्याकडे वाद होतात.) निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती आहे, आणि पुन्हा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. लहानपणी पाठ केली होती, पण तोंडात घोळायची ती फक्त पहिली ओळ, दिवस पवित्र पाळण्याची. पुढे यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा उपरा. या सगळ्यांना विसावा. अनुवादात तर कारणही दिलंय, की तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता हे लक्षात ठेवा. म्हणजे आज्ञेचा रोख जितका उपासनेवर, तितकाच राबवून घेण्यावर. वेशीवरच्या येसकराला हे कुणी वाचून दाखवलं असतं, तर त्याला भाष्य लागलं नसतं.

पणजोबांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. वतन त्यांनी निर्माण केलं नव्हतं. दोन्ही भाऊ त्याच दावणीला होते, एकानं जमेल तेवढा दोर ओढून घेतला. पण आमच्या उपदेशांतून धाकटा भाऊ नाहीसा झाला, तो दोष आमचा.

आजीनं मात्र आज्ञेचा दुसरा भाग स्वतःच्या पद्धतीनं ओळखला होता. रविवारी मोट धरणं पाप, असं एक जुने पाळक सांगत. तिनं त्यांना विचारलं होतं म्हणे, खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथालाही काढावा असं प्रभू म्हणतो, मग तहानलेलं वांग्याचं रोप कुठं बसतं? शिष्य शब्बाथाला कणसं चोळून दाणे खातात तो उतारा तिचा आवडता. “हुरडाच की तो,” ती म्हणायची, “आन् हुरड्याला वार नसतो.” तिची खरी तक्रार वेगळी होती. रविवार पुरुषांचा. उपासनेहून आल्यावर मटणाचा वाटा घरी यायचा आणि बायका इतर दिवसांपेक्षा दुप्पट वेळ चुलीपुढे बसायच्या. म्हणून तिनं शनिवारी रात्रीच भाकरी भाजून ठेवायला आणि रविवारी सकाळी शिळी भाकरी-ठेचा वाढायला सुरुवात केली. आजोबा कुरकुरले. तिनं चौथी आज्ञा म्हणून दाखवली, दासीपर्यंत.

स्वयंपाकाआधी धान्याची एक मूठ काढून मडक्यात टाकायची आणि ते मडकं मंडळीला द्यायचं, ही रीतही बायकांचीच. सुगीनंतर उपकारस्तुतीच्या सणाला चर्चपुढे लिलाव व्हायचा. भोपळा, अंडी, गवारीची जुडी, कोंबडी. कोंबडी कुणी घेतली की तो ती परत दान करायचा, पुन्हा बोली लागायची. एकाच कोंबडीनं निम्मा लिलाव खाल्लेला मी पाहिलाय. संध्याकाळी कीर्तन. कृष्णराव सांगळ्यांनी १९व्या शतकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, नंतर नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं दिली, त्यामुळे आमच्या आजीला भक्तीसाठी परक्या चालीची गरज पडली नाही.

वडील प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात लागले आणि घरातला रविवार पहिल्यांदा खरोखर मोडला. गळीत हंगामात कारखाना थांबत नाही. ते रात्रपाळी करून सकाळी थेट उपासनेला यायचे आणि दुसऱ्या गीतालाच डुलक्या घ्यायचे. ऊसतोडीच्या टोळ्यांना तर तेवढंही नव्हतं. कोयता आणि गाडी यांत वाराचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या खोपटांवरून आम्ही स्वच्छ कपड्यांत चर्चला जायचो.

आता मी पुण्यात राहतो. आमच्या चर्चच्या फाटकावर मराठवाड्यातून आलेला एक रखवालदार आहे. बारा तासांची ड्यूटी, आणि रविवारी गाड्यांची गर्दी म्हणून त्या दिवशी रजा मुळीच नाही. आम्ही आत शब्बाथाचं वचन वाचतो तेव्हा तो बाहेर शिट्टी वाजवत असतो. गेल्या बैठकीत पंच कमिटीपुढे मी लेखी सूचना दिली आहे: रखवालदाराला आठवड्याची एक पगारी सुट्टी, ती रविवारीच, आणि त्या दिवशी फाटकावर सभासदांनी पाळीनं उभं राहायचं. पहिलं नाव मी माझं घातलं आहे. यादीत अजून जागा भरपूर आहे.