आरशाची दुर्बीण: पुण्याच्या वेधशाळेपासून पोंभुर्ण्याच्या गच्चीपर्यंत

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथल्या २० इंची आरशाच्या दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण तेव्हा भारतात दुसरी नव्हती. ती डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडली होती. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची भर यांतून हे काम तडीस नेले ते प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी. सारी वेधशाळा त्यांच्या एकट्याच्या उत्साहावर चालली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाइकनालला रवाना झाली. चोवीस वर्षे पुण्यात देशातली एक उत्तम दुर्बीण होती, पण ती चालवणारी दुसरी पिढी तयार झाली नाही. महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षणाला या दुर्बिणीतून फारसे काही मिळाले नाही, असेच म्हणावे लागते.

याच काळात २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाडाकडे तिरपा गेला. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी मुक्काम ठोकला. नेगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले. वऱ्हाडातील तळणीला मॉंडर पती-पत्नींसह ब्रिटिश हौशी निरीक्षकांची तुकडी होती, तर वर्ध्याकडच्या पुलगावला न्यूऑल यांची. ॲनी मॉंडर यांनी तळणीला प्रभामंडळाचे जे छायाचित्र घेतले, त्यात सूर्यापासून फार दूरवर गेलेला एक झोत उमटला होता. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून होणारा तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यात पोंभुर्णा येते, पट्ट्याबाहेर राहिला. एरवीही दुर्बिणी तिकडे जाण्याचे कारण नव्हते. उपकरणे रेल्वेने जात, आणि स्टेशनापासून फार आत ती नेणे परवडत नसे.

दुर्बीण नव्हती म्हणून आकाश कोणी पाहत नव्हते असे मात्र नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, मृगातले तारे म्हणजे पेरणीची तिफण, अशी ही ओळख आहे. विदर्भातल्या शेतकऱ्यालाही ती परकी वाटणार नाही. हे ज्ञान पेरणी-कापणीच्या कामाचे होते आणि त्याला डोळे पुरत.

दुर्बिणीचा इतिहास पाहता आरशाची दुर्बीण जन्मतःच आटोपशीर होती. १६६८ साली न्यूटनने केलेली पहिली दुर्बीण जेमतेम सहा इंच लांब होती. भिंगातून रंग फाकतात आणि कडांना रंगीत झालर येते. आरसा सगळे रंग सारखेच परतवतो. पण तेव्हाचे आरसे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे असत. ते लवकर काळवंडत, आणि पुन्हा घासले की आकार बिघडे. १८५०च्या दशकात काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती सापडली आणि लेऑं फूको यांनी तसे आरसे दुर्बिणीत बसवले. थर काळा पडला तर तो पुसून नवा चढवता येई, खालची काच तशीच राही. पुढे १९३०च्या दशकात चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली. हौशी माणसाच्या दृष्टीने याहून मोठी सोय अशी की, रंगदोष कमी करणाऱ्या दोन काचांच्या भिंगाचे चार पृष्ठभाग घासावे लागतात, आरशाचा एकच.

तो एक पृष्ठभाग घासणे ही महाराष्ट्रातल्या हौशी खगोलप्रेमींची खरी शाळा ठरली. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची ही भारतातली सर्वांत जुनी संस्था. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले आणि वांगणीच्या अंधाऱ्या माळावर रात्रभराचे कार्यक्रम होऊ लागले. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा भरू लागल्या. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचे आणि वरची चकती खालचीवर पुढे-मागे घासत, फिरवत राहायचे. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक करत जायची, शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. मग फूकोची धारेची चाचणी: आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे पात्याची धार सरकवली की, आरशावरचे चढ-उतार सावल्यांत दिसतात. चांगल्या आरशात मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढीही चूक चालत नाही, आणि ती हाताने काढता येते. हे काम केलेला माणूस पुढे दुर्बीण विकत घेताना जाहिरातीला भुलत नाही.

आरसा झाला तरी बैठकीचा, म्हणजे माउंटचा, प्रश्न उरतो. हौशी दुर्बिणींचे पैसे आणि त्रास बहुधा तिथेच जातात. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावला की दुर्बीण एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. पण तिला वजने लागतात, जुळणी लागते आणि ती भक्कम नसेल तर वाऱ्याच्या झुळकीने तारा थरथरतो. यावर साधा तोडगा काढला जॉन डॉब्सन यांनी. वेदान्त मठात ते वीसेक वर्षे संन्यासी होते. मठ सुटल्यावर १९६८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. प्लायवुडची पेटी, खाली फिरणारी फळी, टेफ्लॉनच्या चकत्या आणि फॉर्मायका, एवढ्यावर त्यांची बैठक उभी राहते. ती गावातला सुतार करू शकतो. बल्लारशाचा साग हाताशी असला तरी इथे त्याचा मोह टाळलेला बरा, कारण तो जड पडतो आणि ऋतूनुसार फुगतो-आकसतो. चांगला प्लाय पुरतो.

तयार आटोपशीर दुर्बिणी आता घरपोच मिळतात. त्यांत ७६ मिमीच्या खेळण्यापासून १३० आणि १५० मिमीपर्यंत आरसे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ४०० पट, ६०० पट अशा आकड्यांना अर्थ नसतो. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याची दुप्पट ही उपयुक्त वर्धनाची कमाल, तीही हवा स्थिर असेल तर. आणखी एक सापळा आहे: नळी अर्धा मीटरच लांब, पण नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेले. अशा न्यूटन धाटणीच्या दुर्बिणीत बहुधा गोलीय आरसा आणि नेत्रिकेच्या नळीत दुरुस्तीचे भिंग बसवलेले असते. तिची जुळणी कटकटीची आणि प्रतिमा सुमार. ती घेऊच नये.

पोंभुर्ण्यात निवड करताना काही गोष्टी पुण्या-मुंबईहून वेगळ्या पडतात. गाव सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर. झाडीत तो दिसत नाही, आणि विषुववृत्तीय बैठक इतकी खाली कलवली की वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. पश्चिमेला चंद्रपूर, बल्लारपूर आणि औष्णिक केंद्राचा उजेड आहे. पूर्वेला वैनगंगेपलीकडे अंधार. वाघ-बिबट्यांच्या वावरामुळे रात्री शेतात किंवा जंगलाकडेला दुर्बीण मांडणे शहाणपणाचे नाही. जागा उरते घराची किंवा शाळेची गच्ची. म्हणून जिना चढून एका हाताने नेता येईल असेच यंत्र इथे वापरात राहते. मोठी दुर्बीण दोनदा वर नेली जाते आणि मग खाली कापडाखाली पडून राहते.

हे सगळे पाहता १३० मिमी व्यासाचा, ६५० मिमी नाभीय अंतराचा अन्वस्त आरसा आणि टेबलावर ठेवायची डॉब्सन बैठक ही जोडी इथे उजवी ठरते. वजन सहा-सात किलो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या साडेतीनशे पट प्रकाश. मॅक्सुटोव्ह प्रकारची दुर्बीण याहून आखूड असते, बंद नळीमुळे कोळशाची धूळ आत जात नाही आणि ग्रह तीत सुरेख दिसतात. पण दृश्याचा आवाका अरुंद, निवायला वेळ जास्त आणि खर्चही अधिक. अंधारे आकाश लाभलेल्या गावाने तेजोमेघ आणि तारकागुच्छ सोडून फक्त ग्रहांसाठी दुर्बीण घेणे हा तोट्याचा सौदा आहे.

जोडसामान थोडके पुरते. सव्वा इंची नळीच्या २५ आणि १० मिमी नेत्रिका अनुक्रमे २६ आणि ६५ पट वर्धन देतात. दुप्पट करणारे बार्लो भिंग घेतले तर १३० पट. लाल ठिपक्याचा शोधक, लाल बॅटरी आणि आरसे जुळवायचे साधे चेशायर साधन. सूर्य पाहायचा तर नळीच्या तोंडावर बसणारा प्रमाणित फिल्टरच हवा. नेत्रिकेवर चढवायचा काळा फिल्टर उष्णतेने तडकतो, तो फेकून द्यावा. जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असते. तेव्हा दमट हवेने नेत्रिकांवर बुरशी चढते. सिलिका जेलसह बंद डब्यात त्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडते आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते, म्हणून ग्रहांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री बऱ्या.

२०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि विदर्भाच्या अंधाराला प्रथमच कागदोपत्री किंमत आली. त्या अंधाराचा लाभ पोंभुर्ण्याला आजही आहे. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. पोंभुर्ण्यात तो मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजावर सुमारे २२ अंश येतो, आणि १३० मिमीच्या आरशातून त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे दिसू लागतात.