रुग्णशय्येवरील शांती : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची दीर्घकालीन वेदना आणि त्यांचे अध्यात्म

प्रस्तावना

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) हे नाव उच्चारताच हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर उभी राहते. शालेय पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेले हे चित्र क्रिमियन युद्धातील जेमतेम पावणेदोन वर्षांचे आहे. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या आणि ऑगस्ट १८५६ मध्ये इंग्लंडला परतल्या. त्यानंतर त्या ५४ वर्षे जगल्या. या काळातील फार मोठा भाग त्यांनी स्वतः रुग्ण म्हणून, खोलीच्या चार भिंतींत आणि अनेकदा अंथरुणावर काढला. लष्करी आरोग्यसुधारणा, रुग्णालयांची रचना, परिचारिकांचे शिक्षण आणि हिंदुस्थानातील स्वच्छता या विषयांवरील त्यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन याच अवस्थेत झाले.

एवढी दीर्घ वेदना त्यांनी कशाच्या बळावर सोसली, या प्रश्नाला चरित्रकारांनी दोन टोकांची उत्तरे दिली आहेत. भाविक चरित्रकारांना त्यांच्यात सहनशील संतत्व दिसले, तर संशयवादी अभ्यासकांना आजाराचे सोंग दिसले. प्रस्तुत निबंधात त्यांच्या आध्यात्मिक लेखनाच्या आधारे तिसरी बाजू तपासली आहे. नाइटिंगेल यांनी वेदनेचे कारण आणि वेदनेचा अर्थ हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. कारणाचा शोध शास्त्राकडे सोपवला आणि अर्थाचा शोध ईश्वराशी असलेल्या स्वतःच्या नात्यात घेतला. त्यांना लाभलेली शांती या विभागणीतून आली होती आणि म्हणूनच ती अपुरीही होती.

व्याधीचे स्वरूप आणि इतिहासकारांचे मतभेद

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथील रुग्णालयांची पाहणी करताना नाइटिंगेल यांना ‘क्रिमियन ताप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तापाने गाठले. त्यातून त्या बचावल्या, परंतु प्रकृती पूर्ववत झाली नाही. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या पूर्णतः कोसळल्या. छातीत धडधड, श्वास लागणे, अन्नाची शिसारी, निद्रानाश आणि कमालीचा अशक्तपणा ही लक्षणे वारंवार उलटू लागली. डिसेंबर १८६१ मध्ये सर्वांत तीव्र झटका आला. मणक्यांतील वेदनेमुळे पुढील सुमारे सहा वर्षे त्यांना चालणे जवळजवळ अशक्य झाले आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे. १८६६ च्या सुमारास त्यांनी त्वचेखाली अफू टोचून घेण्याचा, त्या काळी नवा असलेला उपाय करून पाहिला. त्याने काही काळ आराम पडे, पण बुद्धीची तरतरी वाढत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

समकालीन डॉक्टरांना या आजाराचे नेमके नाव देता आले नाही. पुढील इतिहासकारांनी त्या अनिश्चिततेचा आपापल्या परीने अर्थ लावला. लिटन स्ट्रेची यांनी १९१८ मध्ये नाइटिंगेल यांच्या झपाटलेल्या स्वभावाचे उपरोधिक चित्र रंगवले. जॉर्ज पिकरिंग यांनी १९७४ मध्ये हा आजार मुख्यतः मानसिक असल्याचे प्रतिपादन केले. एफ. बी. स्मिथ यांनी १९८२ मध्ये त्यांच्या आजारपणाकडे इतरांवर सत्ता गाजवण्याचे साधन म्हणून पाहिले. १९९५ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात वेगळा निष्कर्ष मांडला. लक्षणांचा एकूण क्रम दीर्घकालीन ब्रूसेलोसिसशी आणि त्यातून उद्भवणाऱ्या मणक्यांच्या दाहाशी जुळतो, असे त्यांनी दाखवले. या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना माल्टा बेटावर १८८७ मध्ये सापडला आणि शेळीच्या दुधातून त्याचा प्रसार होतो हे १९०५ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे १८५७ च्या डॉक्टरांना जे ठाऊक असणे शक्यच नव्हते, त्याच्या अभावी रुग्णाच्या स्वभावावर ठपका ठेवला गेला.

यंग यांचे निदान मरणोत्तर असल्याने ते संभाव्यच म्हणावे लागेल. तथापि त्यामुळे एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. ज्या वेदनेचे कारण सापडत नाही, ती सोसणाऱ्याला दुहेरी भार वाहावा लागतो : एक वेदनेचा आणि दुसरा अविश्वासाचा. फायब्रोमायल्जियासारख्या दुखण्यांविषयी जागृतीचा दिवस म्हणून नाइटिंगेल यांची जन्मतारीख, १२ मे, निवडली गेली ती याच जाणिवेने.

ईश्वर, नियम आणि प्रार्थना

आपल्याला ईश्वराने सेवेसाठी हाक दिली, अशी नोंद नाइटिंगेल यांनी ७ फेब्रुवारी १८३७ या दिवसासंबंधी केली आहे. तेव्हा त्या १६ वर्षांच्या होत्या. मात्र त्यांची श्रद्धा रूढ ख्रिस्ती चौकटीत बसणारी नव्हती. घराण्यात युनिटेरियन विचारांची परंपरा होती आणि सांख्यिकीची त्यांना लहानपणापासून ओढ होती. या दोहोंचा संगम १८६० मध्ये खाजगीरीत्या छापलेल्या ‘सजेशन्स फॉर थॉट’ या त्रिखंडात्मक ग्रंथात झाला. मोजक्याच प्रती निघालेला हा ग्रंथ जॉन स्टुअर्ट मिल आणि ऑक्सफर्डचे विद्वान बेंजामिन जोवेट यांच्या वाचनात आला.

या ग्रंथाचे मध्यवर्ती सूत्र असे की, ईश्वर विश्वाचा कारभार लहरीने नव्हे, तर अढळ नियमांनी चालवतो. रोगराई ही त्याने पाठवलेली शिक्षा नाही. ती नियम न ओळखल्याचा किंवा मोडल्याचा परिणाम आहे. ते नियम शोधून काढणे आणि त्यांनुसार वागणे, यातच माणूस ईश्वराचा सहकारी होतो. यामुळे मागणे मागणारी प्रार्थना त्यांना पटेनाशी झाली. शहराची गटारे नदीत सोडायची आणि साथीपासून वाचव म्हणून देवाला विनवायचे, यातील विसंगती त्यांनी उपहासाने दाखवली आहे.

दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने या भूमिकेचा अर्थ गंभीर होता. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाला त्यात स्थान नव्हते, कारण नियम व्यक्ती पाहून लागू होत नाही. पापाचे प्रायश्चित्त म्हणून वेदनेकडे पाहण्याची गरज उरली नाही. परंतु त्याचबरोबर, श्रद्धा पुरेशी असेल तर वेदना जाईल, हा दिलासाही नाइटिंगेल यांनी स्वतःला नाकारला. चमत्काराची आशा सोडून देणे ही त्यांच्या अध्यात्माची पहिली पायरी होती.

गूढवाद : कर्माचा झरा

नियमांचा ईश्वर बुद्धीला पटतो, पण रात्रभर झोप न लागणाऱ्या रुग्णाला तो सोबत करतोच असे नाही. ही उणीव नाइटिंगेल यांनी मध्ययुगीन गूढवादी संतांच्या वाचनाने भरून काढली. ऑक्टोबर १८६२ पासून जोवेट त्यांच्या घरी येऊन त्यांना प्रभुभोजनाचा विधी देऊ लागले, कारण चर्चपर्यंत जाणे त्यांना शक्य नव्हते. याच जोवेट यांच्या प्रोत्साहनाने १८७३–७४ मध्ये त्यांनी मध्ययुगातील भक्तिपर लेखकांचे उतारे निवडून, भाषांतरित करून एक संग्रह सिद्ध करण्यास आरंभ केला. असिसीचे संत फ्रान्सिस, आव्हिलाच्या संत तेरेसा यांसारख्यांचा त्यांनी अभ्यास केला. संग्रह त्यांच्या हयातीत प्रकाशित झाला नाही. एडवर्ड कुक यांच्या १९१३ च्या चरित्रातून त्याचा परिचय झाला आणि पुढे लिन मॅकडोनाल्ड यांच्या संपादनाखालील १६ खंडांच्या समग्र लेखनात (२००१–२०१२) तो अभ्यासकांना सविस्तर उपलब्ध झाला.

तेरेसा यांच्याविषयीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. तरुणपणी आलेल्या आजाराने तेरेसांना सुमारे तीन वर्षे जवळजवळ पांगळे केले होते आणि पुढेही प्रकृतीने त्यांना कधी पूर्ण साथ दिली नाही. तरीही १५६२ ते १५८२ या काळात त्यांनी १७ मठ स्थापन केले. नाइटिंगेल यांना गूढवादात हेच दिसले. ईश्वराचे राज्य मृत्यूनंतरचे नसून आतले आहे आणि ज्याला ते आत सापडते, त्याने ते बाहेरही घडवले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. उपवास आणि देहदंड यांना त्यांनी साध्य मानले नाही. वेदनेला पावित्र्य देण्याचे त्यांनी टाळले. आपल्या इच्छेऐवजी ईश्वरेच्छेला मान देणे, याचा अर्थ त्यांच्या लेखी पुढ्यात असलेले काम उचलणे असा होता.

रुग्णाच्या नजरेतून शुश्रूषा

हा दृष्टिकोन त्यांच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकातही आढळतो. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक १८५९ च्या अखेरीस, म्हणजे त्या कोसळल्यानंतर दोन वर्षांनी लिहिले गेले. हवा, उजेड, आवाज, अंथरूण यांविषयीच्या सूचनांबरोबर त्यात रुग्णाला दिल्या जाणाऱ्या पोकळ आशांवर आणि फुकट सल्ल्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ‘लवकरच बरे वाटेल’ असे सांगणारा भेटीस आलेला माणूस स्वतःचे समाधान करून घेतो आणि रुग्णाला अधिक एकटे पाडतो, असा त्याचा आशय आहे. त्याच त्या भिंती पाहत पडून राहण्याचा जाच निरोग्याला कळत नाही, हेही त्यांनी नोंदवले. हे निरीक्षण परिचारिकेइतकेच रुग्णाचेही आहे. सत्य सांगितले जाणे हा रुग्णाचा अधिकार आहे, ही त्यांची जाणीव खोट्या आशेला नकार देणाऱ्या त्यांच्या धर्मविचाराशी सुसंगत आहे.

रुग्णशय्येवरून हिंदुस्थान

१८५९ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेल त्याच्या सदस्य नव्हत्या, पण लष्करी ठाण्यांकडे पाठवलेल्या प्रश्नावलीपासून उत्तरांच्या विश्लेषणापर्यंतचे काम त्यांच्या खोलीतून झाले. १८६३ च्या अहवालाने सैन्यातील वार्षिक मृत्युप्रमाण हजारी ६९ असल्याचे दाखवले. मणक्यांच्या वेदनेचा सर्वांत कठीण काळ आणि या कामाचा काळ एकच आहे. हिंदुस्थानात त्या कधीही येऊ शकल्या नाहीत. तरीही सैनिकी छावण्यांपासून त्यांचे लक्ष हळूहळू खेड्यांकडे, दुष्काळाकडे आणि जलसिंचनाकडे वळले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेसंबंधी त्यांनी सभेच्या चिटणिसांना लिहिले. बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिडुमल लिखित चरित्राच्या १८९२ च्या लंडन आवृत्तीला त्यांची प्रस्तावना आहे. ज्या नियमांवर त्यांची श्रद्धा होती, ते नियम स्कुटारीतील रुग्णालयाला आणि दख्खनमधील खेड्याला सारखेच लागू होते. स्वतःच्या वेदनेच्या पलीकडे पाहण्याची वाट त्यांना या विचारातून मिळाली.

शांतीच्या मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावरून नाइटिंगेल यांनी वेदनेवर निर्विवाद विजय मिळवला असा समज होऊ नये. त्यांच्या खाजगी टिपणांत निराशा, एकाकीपणा आणि तीव्र आत्मनिंदा वारंवार आढळते. सर्व काही नियमानुसार घडते असे मानणाऱ्याला अपयशाचा दोष ईश्वरावर टाकता येत नाही. तो स्वतःकडे किंवा सहकाऱ्यांकडे वळतो. मरणपंथाला लागलेल्या सिडनी हर्बर्ट यांच्यावर त्यांनी कामासाठी दबाव आणला. आत्या मेरी स्मिथ १८६० मध्ये आपल्या कुटुंबाकडे परतल्या, तेव्हा नाइटिंगेल यांनी त्यांना अनेक वर्षे क्षमा केली नाही. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. वडिलांनी १८५३ पासून दिलेले वार्षिक ५०० पौंड, नोकरचाकर आणि स्वतंत्र घर यांमुळे त्यांना अंथरुणावरून काम करता आले. त्याच व्याधीने ग्रासलेल्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला एकांत आणि वाचन यांऐवजी दारिद्र्यच वाट्याला आले असते. तिसरी गोष्ट काळाची आहे. १८८० नंतर त्यांच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या आणि उत्तरायुष्यात स्वभावही निवळला. त्या निवळण्यात साधनेचा वाटा किती आणि रोगाच्या ओसरण्याचा किती, हे वेगळे करून सांगणे इतिहासाच्या साधनांनी शक्य नाही.

निष्कर्ष

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी नाइटिंगेल यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांच्या उदाहरणावरून अध्यात्म वेदना शमवते असे सिद्ध होत नाही. अफूने जे काही तास साधले, ते प्रार्थनेने साधल्याचा दावा त्यांनीही केला नाही. अध्यात्माने त्यांच्यासाठी एवढेच केले की, वेदनेला शिक्षा किंवा पुण्य मानण्यापासून त्यांना मुक्त केले आणि उरलेली शक्ती कोठे खर्च करावी याचा निर्णय सोपा केला. शास्त्र व श्रद्धा यांची त्यांनी केलेली ही वाटणी दोहोंच्या मर्यादा मान्य करणारी होती. जुनाट वेदनेच्या रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून झिडकारणे आणि ‘श्रद्धा ठेवा, बरे वाटेल’ असे सांगून वाटेला लावणे या दोन्ही प्रवृत्ती सर्वत्र आढळतात. नाइटिंगेल यांचे जीवन दोहोंचाही प्रतिवाद करते. त्यांची शांती वेदना संपल्यावर आलेली नव्हती. वेदना असतानाच, दर सकाळी नव्याने मिळवलेली आणि अनेकदा संध्याकाळपर्यंत हरवलेली, अशी ती होती. इतिहासाला त्यांच्याविषयी प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते आणि वेदनेसह जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तेही कमी मोलाचे नाही.