सोळाव्या दिवसाची गोळी

विमा नाही म्हणून औषध परवडत नाही, हे विधान आपल्याकडे अर्धेच खरे आहे. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण मिळते, पण ते दाखल झालेल्या रुग्णाला. औषधांचा खर्च मिळतो तो दाखल होण्याआधीच्या 3 दिवसांचा, उपचार चालू असतानाचा आणि घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांचा. बी.पी.ची, शुगरची गोळी सोळाव्या दिवशीही घ्यावी लागते आणि पुढे बहुधा जन्मभर. तेव्हा औषधापुरते बोलायचे तर ‘विमा नसलेला’ या संज्ञेत कार्ड असलेलाही धरला पाहिजे.

अशा माणसाला मदत दोन परींनी करता येते: त्याच्या खिशात भर घालून किंवा औषधाची किंमतच उतरवून. पहिल्या प्रकाराचा महाराष्ट्रातला नमुना म्हणजे सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे कलम 41कक. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या आणि बिलांतले 2 टक्के वेगळ्या निधीत टाकायचे. निर्धनाच्या औषधांची खरेदी किंमत या निधीतून जाते; दुर्बलाला निम्मी तरी भरावीच लागते. तरतूद चांगली आहे, पण तिचाही पाय खाटेलाच बांधलेला.

दानाची मर्यादा याहून स्पष्ट दिसते ती ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधात. नोव्हार्टिसच्या या औषधाला महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपये पडत. त्याच घटकाचे देशी जेनेरिक 8 ते 10 हजारांत मिळे. भारतातल्या बहुतेक रुग्णांना आम्ही ते फुकटच देतो, असे कंपनी सांगे. ते दान खोटे नव्हते, त्यावर माणसे जगली. पण कोणाला द्यायचे, किती दिवस द्यायचे, हे देणारा ठरवतो. गरिबी कागदावर सिद्ध करायची ती घेणाऱ्याने. आणि छापील किंमत जागची हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी पेटंट कायद्याच्या कलम 3(ड)च्या आधारे पेटंट नाकारले आणि जेनेरिकची वाट खुली राहिली.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे किंमतच उतरवण्याचे, उदाहरण नेक्साव्हर हे यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध. बायर या पेटंटधारक कंपनीची महिन्याची किंमत 2,80,428 रुपये होती. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको या देशी कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, दिला, तो महिन्याचे औषध 8,880 रुपयांना विकण्याच्या अटीवर. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. एका आदेशाने किंमत बत्तिसाव्या हिश्शावर आली. (शेतमजुराला 8,880 सुद्धा कुठून परवडणार, हा प्रश्न उरतोच.) असा परवाना भारतात हा एकच दिला गेला.

रोजच्या बहुतेक गोळ्यांना पेटंटची अडचण नसते. तिथे स्वस्त माल तयार असतो, अडते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. स्वस्त जेनेरिक विकणाऱ्या, 2008पासून सुरू झालेल्या जन औषधी केंद्रांची संख्या आज दहा हजारांहून अधिक आहे. पण औषध नियमावलीतील नियम 65 सांगतो की चिठ्ठीवर लिहिलेल्या शेड्यूल ‘एच’मधल्या (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाऐवजी दुसरे, त्याच घटकाचे असले तरी, केमिस्टने द्यायचे नाही. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँड असेल तर शेजारचे स्वस्त केंद्र असून नसल्यासारखे. ही गाठ सोडवायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये जेनेरिक नावे लिहिणे बंधनकारक केले, डॉक्टरांच्या संघटनांनी गुणवत्तेचा मुद्दा काढला आणि तीन आठवड्यांत नियम स्थगित झाला. गुणवत्तेची शंका निराधार म्हणता येत नाही, पण तिचे उत्तर तपासणी वाढवणे हे आहे. ब्रँडच्या गोळीलाही ती तपासणी लागतेच.

स्थगितीमुळे डॉक्टरांची जुनी आचारसंहिता पुन्हा लागू झाली. तिच्यातल्या 2016च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायचे आहे. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की तेवढे एक नाव मागून घ्या.