कुपीतले पंधरा मायक्रोग्रॅम

2021 साली चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागात लसीच्या रांगेत उभे असताना कोव्हॅक्सिनचे माहितीपत्रक वाचनात आले. अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला, निष्क्रिय केलेला विषाणू 6 मायक्रोग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल 250 मायक्रोग्रॅम आणि ‘टीएलआर 7/8 अ‍ॅगॉनिस्ट’ 15 मायक्रोग्रॅम. भौतिकशास्त्रात आयुष्य गेलेल्या माणसाला हा शेवटचा शब्द अनोळखी होता. प्रत्यक्ष विषाणूच्या अडीचपट वजनाचा हा पदार्थ तिथे कशासाठी, या कुतूहलातून जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहे.

आरंभ 1920 च्या दशकात होतो. घटसर्पाच्या लसीवर काम करताना फ्रान्समधील गास्तों रामों यांना आढळले की लसीत टॅपिओका मिसळला तर घोड्यांच्या रक्तात अधिक प्रतिद्रव्ये तयार होतात. 1926 मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तोच परिणाम तुरटीने साधला. तुरटीच्या कुळातील अ‍ॅल्युमिनियमचे क्षार त्यानंतर लसींचे नित्याचे सोबती झाले. ते का उपयोगी पडतात, हे मात्र अनेक दशके कोणालाच सांगता येत नव्हते.

या अज्ञानाची किंमत पुढे मोजावी लागली. 1966 च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या मुलांना आरएसव्ही या श्वसनविषाणूची लस देण्यात आली. विषाणू फॉर्मालिनने मारलेला, सोबतीला तुरटी. लस घेतलेल्यांना पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा संरक्षण मिळण्याऐवजी आजार बळावला. एका चाचणीत संसर्ग झालेल्या 20 बाळांपैकी 16 जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोन बाळे दगावली. प्रतिद्रव्ये तयार झाली होती, परंतु ती दुबळी होती. टी पेशींचा प्रतिसादही ‘टीएच 2’ या, विषाणूशी लढण्यास फारशा उपयोगी नसलेल्या आणि फुप्फुसांत दाह वाढवणाऱ्या दिशेने वळला होता.

ती दिशा कोण ठरवते? 1989 मध्ये येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी एका निबंधात उत्तर सुचवले. टी पेशी शत्रूचा तुकडा अचूक ओळखते, पण तो तुकडा शत्रूचा की आपलाच, हे तिला स्वतःहून कळत नाही. तो निर्णय तिच्या आधी कामाला लागणारी जन्मजात प्रतिकारशक्ती घेते. जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर असलेच पाहिजेत आणि त्यांनी इशारा दिल्यावरच टी पेशी जाग्या होत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा असा एकही ग्राही हाती लागलेला नव्हता.

पहिला धागा सापडला फळमाशीत. 1996 मध्ये स्ट्रासबर्ग येथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की ‘टोल’ जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. पुढच्याच वर्षी रुस्लान मेझितोव्ह आणि जेनवे यांनी मानवातील टोलसदृश ग्राही दाखवला. तो चेतवताच टी पेशींना जागे करणारे संकेत पेशीवर उमटत होते. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने जिवाणूंच्या आवरणातील विष ओळखणारा ग्राही उंदरात शोधला. 2002 मध्ये जपानच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने एक जुने कोडे उलगडले. चामखिळींवर लावले जाणारे इमिक्विमॉड हे मलम टीएलआर 7 या ग्राहीवर काम करते. हाच ग्राही एरवी विषाणूंचा एकपदरी आरएनए ओळखतो.

आता पुण्याकडे येऊ. मे 2020 मध्ये पुण्यातील विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेककडे सुपूर्द झाला. मारलेला विषाणू आणि अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे 1966 चीच आठवण करून देणारी जोडी. म्हणून जेलवर इमिक्विमॉडच्याच कुळातील एक रेणू चढवण्यात आला. अमेरिकी सरकारी निधीच्या आधाराने सुनील डेव्हिड यांच्या व्हायरोव्हॅक्स कंपनीने तो विकसित केला होता. टीएलआर 7 आणि 8 चेतवून टी पेशींना विषाणूविरोधी ‘टीएच 1’ दिशेला वळवणे, हे त्या पंधरा मायक्रोग्रॅमचे काम. 375 जणांच्या पहिल्या चाचणीत प्रतिसाद त्याच दिशेने झुकलेला दिसला.

तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. 3 जानेवारी 2021 रोजी लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती आलेले नव्हते आणि त्यावरचा आक्षेप रास्त होता. सुमारे 25,800 स्वयंसेवकांच्या चाचणीतून 77.8 टक्के हा आकडा नंतर आला. तर्क कितीही सुंदर असला तरी तो प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, हे भौतिकशास्त्र पहिल्याच वर्गात शिकवते.

कोव्हॅक्सिनला आपण अभिमानाने स्वदेशी म्हणतो. विषाणू पुण्याचा, कारखाना हैदराबादचा, तेव्हा तो अभिमान खोटा नाही. परंतु कुपीतल्या त्या पंधरा मायक्रोग्रॅममागे स्ट्रासबर्गच्या माश्या, येलमधला एक निबंध आणि जपानमधले उंदीर उभे आहेत. माश्यांना बुरशी लागल्याने काय होते, या प्रश्नावर सरकारने पैसे का खर्चावेत, असे आपल्याकडे अजूनही विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्यापैकी कित्येकांनी आपल्या दंडावर घेतले आहे.