ठाण्यातले टेबल, रुग्णालयातली खोली

मार खाल्लेली स्त्री प्रथम जाते कोठे? मुंबईत स्त्रिया व मुले यांवरील हिंसा रोखण्यासाठी जे कार्यक्रम आखले गेले, त्यांचा इतिहास आम्हांला या एका प्रश्नाचाच इतिहास वाटतो. माहेर दूर, खोली नवऱ्याच्या नावावर. आश्रमाचा पत्ता तिला कोण देणार?

1983 साली भारतीय दंडसंहितेत 498-अ हे कलम आले. तरी ठाण्यात गेलेल्या बाईची तक्रार 'घरगुती भांडण' म्हणूनच परतविली जाई. 1984 साली देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. आवार पोलिसांचे, म्हणून नवऱ्याला बोलावण्याची दखल घ्यावी लागे. टेबलापाठी मात्र खाकी गणवेश नव्हे, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, म्हणून बाई मन मोकळे करी. बोरिवली-मालाडच्या बाईला तेथवर लोकलने जाणे सोपे नव्हते. ती अडचण पुढे कांदिवलीच्या कक्षाने थोडी हलकी केली. 2005 साली राज्यशासनाने ही योजना स्वीकारली.

दवाखान्याचा विचार उशिरा सुचला. 2000 साली 'सेहत' ही संस्था व मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. जिन्यावरून पडले, स्टोव्हचा भडका उडाला, अशी उत्तरे अपघात विभागात मुकाट लिहून घेतली जात. नवऱ्याला बाहेर बसवावे आणि मग पुन्हा विचारावे, हे 'दिलासा'ने परिचारिकांना शिकविले. घरी परतणे धोक्याचे असेल, तर देखरेखीच्या निमित्ताने तिला रात्रीपुरते वॉर्डातच ठेवून घेता येई. शिवाय हाती केसपेपर असलेल्या बाईला घरी उलटतपासणी कमी! पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि कालांतराने उपनगरांतील इतर पालिका रुग्णालयांतही ही केंद्रे निघाली.

मुलांसाठी 1996 साली मुंबईत 1098 हा निःशुल्क दूरध्वनी सुरू झाला. फलाटावरच्या पोराला त्याचा आधार झाला. बंद दाराआडच्या लेकराच्या हाती फोन असतोच असे नाही.

या आराखड्यांत एक जागा राहून गेली: चर्चची कचेरी. आमच्या भगिनी मिस्सानंतर तेथेही येतात. अंधेरीकडच्या एका धर्मग्रामात असताना आम्ही पतिपत्नींना समोरासमोर बसवून समेट घडवीत असू आणि समाधान मानीत असू. त्याच्यादेखत तिने काय सांगावे? एक भगिनी आठवड्याने हात गळ्यात बांधून आली, आणि 'मोरीत घसरले' म्हणाली. आम्ही ते ऐकून घेतले. 1983 च्याच कॅनन कायद्यातील 1153 वे कलम, जोडीदारापासून तनाला वा मनाला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्याची मुभा देते. गुरुविद्यालयात आम्ही ते शिकलो होतो. त्या भगिनीला सांगितले नाही.

अलीकडे आम्ही पतीला निराळ्या दिवशी बोलावितो.