कुरणशाळा : विद्यार्थ्याकडे गेलेली शाळा

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे यांनी घेतली. बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी वस्तीच्या अंगणातच वर्ग भरू लागला. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये कार्य कोसबाडला गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत, म्हणून शिक्षक कुरणातच जाऊन शिकवू लागले.

‘अध्ययनशैली’नुसार अध्यापन जुळविण्यास पुरेसा पुरावा नाही, असे पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले. आमच्या मते त्यामुळे कोसबाडचे महत्त्व उणावत नाही; तेथे मुलाचा दिनक्रम पाहून शाळेची जागा ठरली. २०२० च्या टाळेबंदीतील ऑनलाइन वर्गांनाही हाच प्रश्न विचारावयास हवा : रत्नागिरीच्या डोंगरवाडीतील, रेंज नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत आपण कोणत्या मार्गाने पोहोचलो?